अस्तर

४ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघे काल दुपारी सुखरूप पोहोचलो. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरून घेता. मागच्या वेळी मी ताप उतरला म्हणून सांगितलं आणि तुम्ही ताप आणि उलट्या ऐकून भर दुपारी दारात हजर झालात. तेव्हा यापुढे पत्रच बरं. शिवाय ह्यांना वाचता अजून उत्तम येतं. बाकी काही विसरले तरी तुमचं अक्षर ओळखतात.

सामान तासाभरात चढलं, पण कुत्रा टेम्पोत चढेना. ह्यांनी त्याचं नाव अस्तर ठेवलं ते किती बरोबर, ते काल कळलं. शिवलेल्या जागेपासून सुटायलाच तयार नाही. दोन हमालांनी ओढलं, मी बिस्कीट दाखवलं, खालच्या मजल्यावरच्या बाईंनी त्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिला. शेवटी माझ्या तोंडून निघून गेलं, की चल अस्तर, दुकानात चल. अकरा वर्षं रोज सकाळी नऊच्या ठोक्याला हे त्याला तेच म्हणायचे ना. अस्तर एका उडीत वर. आणि ताई, त्याच्या मागोमाग हेही चढून बसले, गळ्यात मापाची टेप अडकवून. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं की दुकान तर मागे राहिलं, आपण चाललो कुठे. मी खिडकीबाहेर बघत राहिले. दोघांनाही फसवून आणलं आहे मी. सांगताना हसू येतं, पण काल आलं नाही.

घर तळमजल्यावरचं आहे. पुढे एक खोली, मागे एक, आणि धुण्याभांड्याला मागची पडवी. दार उघडलं की समोर रस्ता, आणि गावाला धड एकच रस्ता. पलीकडे एक सायकल दुरुस्तीवाला बसतो. त्याने न सांगता पलंग आत नेऊन दिला आणि मग विचारलं की मास्तर काय करायचे. मी म्हटलं कटिंग मास्तर होते, कोट शिवायचे.

तुमचा राग मला माहीत आहे. शहरात वर्षभरात हे तीनदा हरवले. तिसऱ्यांदा सापडले तेव्हा पायात चप्पल नव्हती, तेव्हा तुम्ही शुश्रूषागृहात खाट बघितलीत ती त्यांच्या भल्यासाठीच. पण ताई, मला ह्यांना घरात ठेवायचं आहे. इथे जिने नाहीत, चौक नाहीत, आणि बरोबर अस्तर आहे. मला एक वर्ष द्या. नाही जमलं तर मी स्वतः आणून पोहोचवीन.

रागावण्यातही तुमची माया असते, ती कमी करू नये.

तुमची,
काजू


१२ मार्च

चि. सौ. काजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोहोचलं. काजं-बटणं करायला आलेल्या मुलीला धाकट्याने काजू म्हणायला सुरुवात केली तेव्हाच मी ओळखलं होतं की ही दिसते मऊ, पण फुटायची नाही. अगदी तसंच वागलीस. माझ्या भावाला माझं न ऐकता टेम्पोत घालून घेऊन गेलीस.

चौतीस वर्षं मी वॉर्डात काढली. अशी माणसं घरात ठेवून घरातल्यांचं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. रोगी हिंडतो-फिरतो, खातो-पितो, आणि त्याची बायको अंथरुणाला खिळते. तुला वाटत असेल की ताईला भावाचीच काळजी. तुझीही आहे, पण तोंडाने सांगायची सवय नाही, म्हणून लिहिते. खाट मिळते आहे ती खिडकीजवळची आहे. माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी तिथे आता मोठी सिस्टर आहे, तिने माझ्या शब्दाखातर नाव यादीत वर ठेवलं आहे. एक वर्ष कोणी थांबत नाही. थंडी सुरू होईपर्यंत थांबेन, त्यापुढे ऐकायची नाही.

आणि भार टाकलास तो कोणावर, तर कुत्र्यावर. अकरा वर्षांचा कुत्रा म्हणजे माझ्या वयाचाच झाला की. त्याला दिसतं तरी का नीट?

धाकट्याला थंड पाण्याने आंघोळ घालू नकोस. त्याला लहानपणापासून सोसत नाही, आणि तो सांगत नाही.

घरात सगळे बरे आहेत. सूनबाई नमस्कार सांगते. स्वतःला जप, हे ताकीद म्हणून लिहिते आहे.

तुझी,
ताई


३ एप्रिल

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. काल हे अस्तरबरोबर एकटे फिरून आले. एकटे म्हणजे मी झाडामागून झाडामागे लपत मागे होते, आणि सायकलवाला मला बघून पोट धरून हसत होता. पण ह्यांना ते माहीत नव्हतं, म्हणून एकटेच म्हणायचं.

महिनाभर शिकवणी चालली होती. 'घरी' म्हटलं की अस्तर आधी शहराच्या रस्त्याला तोंड करायचा. त्याचंही बरोबर, त्याचं घर तेच. मग मी रोज खिशात पावाचे तुकडे घेऊन निघायची. कालव्याच्या पुलापर्यंत जायचं, तिथे ह्यांनी म्हणायचं, घरी चल. अस्तर चुकीकडे वळला की थांबायचं, बरोबर वळला की तुकडा. वीस-बावीस दिवसांत त्याच्या डोक्यात बसलं की घर म्हणजे हे निळं दार. आता हे पुलावर थोडा वेळ उभे राहतात, पाणी बघतात, घरी चल म्हणतात, आणि तो ह्यांना घेऊन येतो. दिसतं त्याला चांगलं, कानही तिखट आहेत. तुमच्यापेक्षा निश्चित.

एक अडचण मात्र राहिली आहे, आणि त्यात तुमची मदत हवी. 'घर' नव्याने शिकवता आलं, कारण दाखवायला घर होतं. 'दुकान' कसं शिकवणार? इथे आमचं दुकान नाही. मी परवा सहज म्हटलं, की दुकानातून साखर आणते. अस्तर उठला, हे उठले, आणि मी पिशवी शोधेपर्यंत दोघे बाहेर. शहराकडच्या मोठ्या रस्त्याला लागले होते, ज्या रस्त्याने टेम्पो आला त्याच. धावत जाऊन आणलं. त्या रस्त्यावर मोठ्या गाड्या फार वेगात जातात.

तेव्हापासून घरात तो शब्द बंद. मी सामान आणायला जाते म्हणते. सायकलवाल्यालाही सांगून ठेवलं आहे. तो बिचारा आपल्या दुकानाला 'टपरी' म्हणतो. आणि ताई, तुमची पत्रं हे मोठ्याने वाचतात, अस्तरला समोर बसवून, दिवसातून चार-चार वेळा. म्हणून हात जोडून विनंती, की पत्रात तो शब्द लिहू नका.

बाकी सर्व ठीक. उत्तराची वाट ह्यांच्याइतकीच मीही बघते.

तुमची,
काजू


११ एप्रिल

चि. सौ. काजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी झाडामागची धावपळ वाचून हसले. त्रेसष्टाव्या वर्षी लपाछपी खेळतेस, त्यापेक्षा गुडघ्यांना तेल लाव.

शब्दाचं लक्षात ठेवीन. आमच्या वॉर्डात 'घरी' हा शब्द बंद असायचा. एकाच्या कानावर गेला की बारा जण गाठोडी बांधून बसत. त्यामुळे मला नवं नाही. चौतीस वर्षांत माझ्या हातून एक गोळी चुकीची गेली नाही, एक शब्द काय सांभाळता येणार नाही?

धाकट्याला म्हणावं, ताई विचारते, की आठवतं का. आई कामावर जायची तेव्हा मी त्याला कडेवर घेऊन शाळेत न्यायची. बाई मागच्या बाकावर बसू द्यायच्या. त्याला माझ्या फ्रॉकचा काठ मुठीत धरून ठेवायची सवय. फळ्याजवळ बोलावलं की तोही काठ धरून मागोमाग. त्या फ्रॉकचा काठ उसवला तो त्यानेच पहिल्यांदा शिवून दिला, सात वर्षांचा असताना. वेडावाकडा. मी तो तसाच घालून हिंडले होते.

हे सगळं तुला का सांगत बसले कोण जाणे. वय झालं. त्याला हे वाचायला दे.

तुझी,
ताई


१९ जुलै

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा असावी. मधे मला ताप होता, अंगावर काढला. रागावू नका, आता बरी आहे.

फ्रॉकची गोष्ट ह्यांनी इतक्यांदा वाचली की कागद घडीवर फाटला. मी मागून पट्टी चिकटवली. हल्ली येईल त्याचं माप घेतात. टपालवाल्या बाईंचं घेऊन झालं, दूधवाल्याचं दोनदा. सायकलवाला तर समोर आला की आपण होऊन हात पसरून उभा राहतो. छाती, खांदा, बाही. आकडा दर वेळी तोच येतो, एका सुताचाही फरक नाही. तो म्हणतो की मास्तर काहीही विसरलेले नाहीत. मला त्याचं हे बोलणं आवडतं.

पुलाची फेरी रोज होते. अस्तर आता हळू चालतो, हेही हळू चालतात, त्यामुळे दोघांचं बरं जमतं.

एक लिहावं की नाही, असं चार दिवस चाललं होतं. गेल्या सोमवारी मी चहा दिला, तेव्हा हे उठून उभे राहिले आणि मला म्हणाले, की बाई, तुम्ही उगाच त्रास घेता. नवीन गिऱ्हाइकाशी बोलायचे ना, तसे अगदी अदबीने. मला वाटलं थट्टा करतात. दोन दिवस बाईच होते मी. बुधवारी पुन्हा काजू झाले. तेव्हा फार रडले, ताई. दोन दिवस रडू आलं नव्हतं आणि नावाने हाक मारल्यावर आलं.

हे वाचून लगेच खाटेचं काढू नका. तुम्ही थंडीपर्यंत म्हणाला आहात, शब्द पाळा. लोभ आहे म्हणूनच हक्काने मागते.

तुमची,
काजू


२७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्याच नावाने. बातमीच तशी आहे. आज डॉक्टरकडून येताना तुझ्या गल्लीवरून आले. म्हटलं, कुलूप बघून वाईट वाटेल, मान फिरवून जावं. तर काय, दुकान उघडलेलं. आत दिवा, शिलाई मशीनचा आवाज (मलासुद्धा आला, म्हणजे बघ). एक पस्तिशीची बाई आहे, मुलांचे कपडे शिवते. तिने तुझं मोठं टेबल तसंच ठेवलं आहे. पाटीसुद्धा तुझीच. मी विचारलं तर म्हणाली की मास्तरांच्या नावावर लोक अजून वळतात, पाटी काढायला हात होत नाही. तुझ्या हातचा एक कोट तिच्या वडिलांकडे आहे म्हणे, वीस वर्षं झाली, शिवण हललेली नाही. मास्तरांनी एकदा येऊन आशीर्वाद द्यावा असं म्हणत होती.

मला इतका आनंद झाला की घरी येऊन चपला काढायच्या आधी लिहायला बसले. तुझं काम वाया गेलेलं नाही, एवढंच कळवायचं होतं.

काजूला माझे आशीर्वाद. तिला म्हणावं, ताप अंगावर काढणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही.

तुझी,
ताई


२१ सप्टेंबर

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

तुमची दोन पत्रं आली. उत्तर दिलं नाही. आज बसले आहे, पूर्ण करीन.

ऑगस्टातलं तुमचं पत्र ३१ तारखेला आलं. सकाळी अकराची वेळ. टपालवाल्या बाईंनी ते ह्यांच्याच हातात दिलं, नाव त्यांचं होतं. मी मागे पडवीत चादरी धूत होते. ह्यांचा वाचण्याचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण आवाजात आनंद होता, म्हणून मी निवांत होते. मग आवाज थांबला. मला वाटलं पुलाकडे गेले असतील, वेळ झालीच होती. चादरी वाळत घातल्या, स्वयंपाक आटोपला, तरी दोघे परतले नाहीत. बाहेर आले तर पत्र खुर्चीत उघडं, आणि टेप खुंटीवर नाही. पत्र वाचलं आणि मी धावले.

सायकलवाल्याने टपरी तशीच उघडी टाकली. नऊ किलोमीटरवर सापडले. ताई, हे ह्या वयात नऊ किलोमीटर चालले. अस्तरने त्यांना कडेकडेने बरोबर नेलं होतं. वळणावर मालाच्या ट्रकने अस्तरला उडवलं. ह्यांना खरचटलंही नाही. अंगातला कोट काढून त्यांनी त्याच्यावर पांघरला होता आणि रस्त्यातच शेजारी बसले होते. दोन्ही बाजूंनी गाड्या वळसा घालून जात होत्या. सायकलवाला जवळ गेला तर म्हणाले, की हळू बोला, तो दमला आहे, थोडा पडू दे, मग दुकानात जाऊ.

पुलाजवळ पुरलं त्याला.

तुम्ही मुद्दाम केलं नाहीत. मी हे दहा वेळा लिहून दहा वेळा खोडलं, कारण पहिले आठ दिवस मला तसं वाटत नव्हतं. आता वाटतं. टेम्पोत चढवताना तोच शब्द मीही वापरला होता, आणि मी तर माहीत असून वापरला.

पुढचं जास्त कठीण झालं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी अस्तर कुठे आहे असं विचारलं. मी खरं सांगितलं. रडले, जेवले नाहीत. संध्याकाळी पुन्हा विचारलं, पुन्हा पहिल्यासारखंच रडले. चार वेळा मी त्यांना ते सांगितलं आणि चारही वेळा त्यांचा अस्तर नव्याने गेला. पाचव्यांदा मी सांगितलं, की तो ताईंकडे राहायला गेला आहे. तेव्हा हे शांत झाले. म्हणाले, ताईकडे असेल तर ठीक आहे. आता रोज हेच सांगते. तुमच्या नावावर खोटं बोलते, त्याची माफी असावी.

आता ह्यांना बाहेर सोडता येत नाही. दाराला आतून कुलूप घालते, किल्ली माझ्या कमरेला. हे दाराशी उभे राहतात, कडी हलवून बघतात, मग मला विचारतात की बाई, हे कधी उघडतं. गेले पंधरा दिवस बाईच आहे मी, बुधवार काही आला नाही. त्यांना कोंडून ठेवण्यासाठी मी त्यांना इथे आणलं नव्हतं. एवढंच करायचं असेल तर तुमची खिडकीजवळची खाट बरी.

तुमचं म्हणणं खरं ठरलं. खाट अजून असेल तर कळवा. मी आणून पोहोचवते.

तुमची,
काजू


२८ सप्टेंबर

चि. सौ. काजूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मी लिहिलं. शब्द मी लिहिला. तू हात जोडून सांगितलं होतंस आणि मी वर तोंड करून गोळ्यांची बढाई मारली होती. वयाचं, आनंदाचं कारण देत नाही. वॉर्डात कोणी दिलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. तू मला माफ केलंस असं लिहितेस, ते तुझ्यापाशी ठेव. मला ते अजून घेता येत नाही.

खाट होती. काल मोठ्या सिस्टरचा निरोप आला, की येत्या सोमवारी आणा. मी तिला सांगितलं की दुसऱ्या कोणाला दे.

तुझ्या पत्राच्या आदल्या दिवशी मला धाकट्याचं पत्र आलं. तुला न विचारता लिहिलेलं दिसतं. पाकिटावर तिकीट निराळ्या हाताने लावलेलं आहे, बहुधा टपालवाल्या बाईंनी. खिडकीतून त्याने त्यांच्या हातात दिलं असावं. ते वाचलं, आणि तुझं पत्र यायच्या आतच मी मुलाला सांगून टाकलं की माझी बॅग भर. तो कुरकुरला. सून रडली. मला दोन्ही नीट ऐकू आलं नाही, त्याचा एक उपयोग झाला.

मी येत्या शनिवारी येते, राहायला. तुझ्या नवऱ्याने मागितलं होतं कुत्रं आणि पदरात पडते आहे बहीण, तेव्हा चालवून घे. त्याला आठवत नाही, मला ऐकू येत नाही, तुझी मधल्यामध्ये पंचाईत होईल हे मला दिसतं आहे. पण पुलापर्यंत मी त्याला रोज नेईन आणि परत आणीन. हात सोडणार नाही. तेवढा वेळ दार उघडं ठेव, आणि तू जरा झोप.

त्याच्या पत्राला मी उत्तर दिलेलं नाही. काय लिहावं ते मला कळलं नाही, तुला सुचलं तर सांग. पत्र सोबत पाठवते आहे. ते माझ्या नावाने असलं तरी तुझं आहे.

तुझी,
ताई


(सोबतचं पत्र. तारीख नाही.)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. इथली हवा बरी आहे. अस्तर तुझ्याकडे आल्याचं कळलं. तुझ्याकडे त्याची आबाळ होणार नाही, याची मला खात्री आहे. तरी त्याला परत पाठव.

माझ्यासाठी मागत नाही. मी ज्या घरात उतरलो आहे तिथे एक बाई आहेत, त्यांच्यासाठी मागतो. फार चांगल्या आहेत. सकाळी चहा देतात, पायात मोजे घालतात, माझ्यावर कधी ओरडत नाहीत. त्यांचे यजमान कुठे गेले आहेत ते कळत नाही. मी एकदा विचारलं, तर उठून मागच्या खोलीत गेल्या. पुन्हा विचारलं नाही. दाराला आतून कुलूप लावून दिवसभर बसतात. भीती वाटत असेल. तुझ्या घरात माणसं आहेत, ह्यांना कोणी नाही.

त्यांचे यजमान परत येईपर्यंत तरी अस्तरला ह्यांच्याजवळ राहू दे. ते आले की मी स्वतः त्याला तुझ्याकडे आणून सोडीन.

तुझा,
धाकटा